फेरीच्या सायकलचा चिमटा

"...मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं एकदा सांगून टाका, आक्का."

रणधीर मठाच्या दारात उभा राहून विचारत होता. पाठीला पिशवी, पायात बूट. त्याची डोंगरात चालवायची सायकल बाहेर जोत्याला टेकवलेली होती, तोंड घाटाकडे करून.

मठाचा कारभार बघणाऱ्या आक्का ओसरीवर बसून जुनं धोतर फाडत होत्या. जखमांना बांधायच्या पट्ट्या त्या घरीच करत.

"कमी काही नाही," आक्का म्हणाल्या.

"मग?"

...

टर्रकन आणखी एक पट्टी फाटली.

सड्यावरचा हा मठ तसा लहान. देव आहे, पण त्याच्यापुढं बसून राहायला कुणाला सवड नसते. मठाचं खरं काम म्हणजे फेरी. रस्ता पोचत नाही अशा वाड्यांवर औषधं न्यायची, येताना जे मिळेल ते धान्य आणायचं. पूर्वी ही फेरी पायी चाले. मग कुणा भक्तानं जाड टायरांच्या, पुढं शॉक असलेल्या सायकली दिल्या आणि मठातले बुवा सायकलवर बसले. सुरुवातीला लोक हसले. नंतर हसायचे थांबले, कारण औषध वेळेवर यायला लागलं.

फेरीचा एक रिवाज मात्र पायी चालायच्या काळापासून तसाच आहे. म्होरक्या सगळ्यांच्या मागून चालतो. पुढं कुणीही असो, शेवटी तो. कुणाची चेन तुटली, कुणी धडपडलं, कुणाचा दम गेला, तर मागून येणारा म्होरक्या त्याला गाठतो. कुणालाही ओलांडून तो पुढं जात नाही.

इतकी वर्षं येसूबुवा म्होरके होते. त्यांचे गुडघे गेले आणि ते लेकीकडं राहायला गेले. त्यांची जागा आणि त्यांची सायकल, दोन्ही रिकामी झाली.

काल आरतीनंतर आक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "येसूबुवांच्या जागी बिरू."

रणधीरच्या हातातला प्रसाद हातातच राहिला.

बिरू? सड्यावरच्याच धनगरवाड्यातला हा पोरगा उतार दिसला की सायकलवरून उतरतो आणि हँडल धरून चालायला लागतो. म्हशीला दोर धरून पाण्यावर न्यावं तसा. आणि रणधीर कोण? घाटातल्या शर्यती मारलेला गडी. त्याचे फोटो अजून खालच्या गावातल्या दुकानांत लागलेले आहेत. सगळं सोडून तो मठात आला तो काय ह्यासाठी?

रात्रभर तो तळमळला आणि उजाडताच त्यानं पिशवी भरली.

"माझी एक फेरी तुम्ही बघितलीत," तो आता म्हणाला. "मागच्या आठवड्यात तुम्हीच मला म्होरक्या करून पाठवलंत. खालच्या वाड्यावरच्या म्हातारीला औषध सगळ्यात लवकर कुणी पोचवलं?"

"तू."

"मग?"

"लहू कुठं होता?"

रणधीर तापला. हाच प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याला जास्त राग आला. त्या दिवशी तो रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या मागं निघाला होता. दुसऱ्या वळणापर्यंत त्यानं कसंबसं सोसलं. पुढं हे सगळे कासवं आणि मागं आपण. मग त्यानं एकेकाला मागं टाकलं आणि वाऱ्यासारखा वाडा गाठला. मागं घळीत लहूची चेन तुटली, पाय मुरगळला आणि तो तिथंच दगडावर बसून राहिला. संध्याकाळी मेंढक्यांनी त्याला उचलून आणला.

"चेन लहूची तुटली. मी तोडली नाही," रणधीर म्हणाला. "म्हातारीला धाप लागलेली. तिला ताटकळत ठेवायचं का लहूसाठी?"

"नको."

"मग माझं चुकलं कुठं?"

...

आक्कांनी पट्टीची गुंडाळी केली. सावकाश केली. रणधीरला वाटलं, ती गुंडाळी हिसकावून घ्यावी.

"निघालायस ना, नीघ," त्या म्हणाल्या. "जाताना तेवढा येसूबुवांच्या, फेरीच्या सायकलचा चिमटा बघून जा. बिरू म्हणत होता, दाबला की वर येत नाही."

म्हणजे मान बिरूला आणि दुरुस्ती रणधीरला. वा रे न्याय. त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं की बिरूलाच सांगा. पण चिमटा गेलेली सायकल घाटात काय करते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तो पाय आपटत गोठ्याकडं गेला.

हँडल धरून त्यानं अंगाचा भार टाकला. पुढचं चाक दोन पायांत धरणारा तो शॉकचा चिमटा खाली गेला आणि खालीच राहिला. एका पायावरून तेल ओघळून त्याच्यात धूळ बसली होती. दुसऱ्या पायाला नजरेला दिसेल असा बाक आला होता. पुढचा ब्रेक दाबून त्यानं सायकल हलवली तर आत खटखट वाजलं.

तो परत ओसरीवर आला.

"मेलाय तो. फेकून द्या. नवा घाला."

"कुठला?"

"मापाचा मागवावा लागेल. इथं मिळायचा नाही."

"तोवर?"

"तोवर फेरी बंद ठेवा."

"म्हातारीचं औषध आज संपतंय."

...

"तुझ्या सायकलचा काढ आणि तिला बसव," आक्का म्हणाल्या.

रणधीर हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"आक्का, चिमटा म्हणजे काय पातेल्यावरचं झाकण आहे? ह्याचं काढलं, त्याच्यावर ठेवलं?"

"तुझा चांगला नाही का?"

"चांगला? तसा चिमटा ह्या सगळ्या डोंगरात दुसरा नाही. पण चांगला असला म्हणून काय झालं? तो उंच आहे. उड्या झेलायला, मोठमोठे दगड पचवायला केलेला. फेरीच्या फ्रेमला तेवढी उंची सोसत नाही. तो घातला की सायकलचं नाक वर होणार. मागं औषधांच्या पिशव्या. चढ लागला की पुढचं चाक जमीन सोडणार, हँडल म्हणाल तिकडं वळणार नाही. आणि उताराला सगळा मार फ्रेमच्या मानेवर. एक दिवस मान तडकेल आणि तुमचा बिरू घळीत जाईल."

"मग फ्रेम बदल."

"फ्रेम?"

एवढा अडाणीपणा त्याला सहनच होईना.

"चिमट्यासाठी फ्रेम बदलतात का कधी? आधी फ्रेम, आक्का. तिची मान केवढी, तिला उंची किती चालते, चाक कुठलं, ब्रेक कुठला, ते बघायचं. मग तिच्या मापाचा चिमटा शोधायचा. चिमटा किती भारी आहे हे विचारत दुकानात येतो ना, तो नवशिका. ज्याला सायकल कळते तो आधी विचारतो, कुठल्या सायकलला..."

तो मध्येच थांबला.

आक्का त्याच्याकडं बघत होत्या. धोतर तसंच मांडीवर पडलं होतं.

...

"आक्का, तुम्ही चिमट्याबद्दलच बोलताय ना?"

"मी चिमट्याबद्दलच बोलतेय. तू?"

रणधीरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"असल्या आडून बोलण्याचा मला तिटकारा आहे. काय ते तोंडावर सांगा. रागवा, हाकलून द्या, मला चालेल. पण मला लहान पोरासारखं असं खेळवू नका."

"मला पण आडून बोलणं आवडत नाही," आक्का म्हणाल्या. "म्हणून सरळ विचारते. तो आखूड होतो का?"

रणधीरनं पाठीवरची पिशवी सावरली.

खोटं बोलता आलं असतं. आक्कांना सायकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता आणि तो जेवणाच्या वेळेपर्यंत घाट उतरून गेला असता.

"...होतो," तो म्हणाला. "खोलावा लागतो. आत नळीचे तुकडे टाकले की त्याची चाल कमी होते, उंची कमी होते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही."

"तुकडे आहेत?"

"आहेत."

"मग?"

"पण का म्हणून?" त्याचा आवाज फाटला. "त्या चिमट्यावर मी घाट उतरलोय, आक्का. हाडं मोडून घेतलीत. लोक सायकलला हात लावून बघायचे, माझ्या नाही, चिमट्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. तो आतून आखूड करायचा आणि औषधाच्या पिशव्यांना जुंपायचा? आणि वर बसणार कोण, तर बिरू?"

"ते तुझं तू बघ."

आक्कांनी पट्ट्या गोळा केल्या आणि त्या आत निघून गेल्या.

आता भांडायलाही कुणी उरलं नाही. भांडायला आलेल्या माणसाला असं एकटं सोडून जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच की. रणधीरनं मनातल्या मनात आक्कांना नको नको ते ऐकवलं. मग तो बाहेर आला, आपल्या सायकलवर टांग टाकली आणि फाटकापर्यंत गेलाही.

फाटकाशी बिरू फेरीच्या सायकलला पिशव्या लावत होता. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये गवत कोंबत होता.

"ह्या सायकलवर जाणार तू?" रणधीरनं विचारलं.

"व्हय."

"चिमटा मेलाय."

"म्हाईत हाय."

"घळीत ब्रेक दाबलास की तोंडावर पडशील."

"दाबनार न्हाई. उतरून चालनार."

"सगळी घळ?"

"सगळी."

"पोचायला संध्याकाळ होईल."

बिरूनं गवताची आणखी एक मूठ कोंबली. "म्हातारी वाट बघल. कुटं जातीया ती."

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की रणधीरचा पारा पार टोकाला गेला. ह्या माणसाला राग का येत नाही? मोडकी सायकल दिली म्हणून आक्कांचा येत नाही, सगळ्यांसमोर टोचून बोलणाऱ्या रणधीरचा येत नाही. त्याला ओरडावंसं वाटलं, की अरे, मी तुझ्या जागेसाठी भांडून निघालोय, निदान माझ्याकडं नीट बघ तरी.

"सोड त्या पिशव्या," तो म्हणाला.

"का?"

"सोड म्हटलं ना."

पाठीवरची पिशवी त्यानं जमिनीवर आपटली. हत्यारं काढली. आपली सायकल उलटी केली आणि तिचं पुढचं चाक सोडवलं.

फेरीच्या फ्रेमची मान आणि त्याच्या चिमट्याची दांडी जुळत होती, हे त्याला मघाशीच दिसलं होतं. आक्कांना सांगायचं तेवढं त्यानं गाळलं होतं. दांडी थोडी लांब पडली, तिथं त्यानं कड्या भरल्या. चिमट्याला त्याचंच चाक लागत होतं, कारण चाकाचा दांडा जाड. म्हणजे चाकही गेलं. ब्रेक बसला.

राहिली उंची.

त्यानं चिमटा खोलला. आतलं तेल त्यानं ताटलीत काढलं. नळीचे तुकडे एकेक करून आत सारले. पुन्हा बंद करून त्यानं चिमटा शेजारी उभा धरला तेव्हा तो जुन्या चिमट्याच्या बरोबरीत आला होता. वरचा रंग तोच. नाव तेच.

"बस वर," तो बिरूला म्हणाला.

"पिशव्या काढू?"

"पिशव्यांसकट बस. फेरीत काढून ठेवणार आहेस का?"

बिरू बसला. चिमटा किती दबतो ते रणधीरनं गुडघ्यावर बसून बघितलं. त्याला स्वतःला लागायची तेवढी चिमट्यातली हवा बिरूला जास्त होत होती. त्यानं थोडी सोडली. पुन्हा बघितलं. आणखी थोडी सोडली. वळण घेऊन यायला सांगितलं. बिरू फाटकाबाहेरच्या दगडांवरून जाऊन आला.

"पुन्हा जा," रणधीर म्हणाला. "सरळ बस. आखडू नकोस, तो तुला पाडणार नाही."

बिरू पुन्हा जाऊन आला.

तोवर बाकीचे तयार झाले. फेरी निघाली. रणधीरची सायकल बिनतोंडाची होऊन भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावरून आता घाट काय, फाटकसुद्धा ओलांडता आलं नसतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला आक्कांचा नव्यानं राग आला. स्वतःच्या हातानं काढला होता चिमटा, पण राग आक्कांचाच.

बिरूची जुनी सायकल रिकामी होती. तिचा पुढचा चिमटा साधा लोखंडाचा, शॉक-बिक काही नाही. रणधीर तिच्यावर बसला आणि लहूच्या मागं लागला. त्याच्या मागं फक्त बिरू.

त्या सायकलवर जोरात जायची सोयच नव्हती. एकेक दगड मनगटात वाजत होता. पुढं लहू, त्याच्या दुखऱ्या पायावर जोर न देता पायडल मारणारा. त्याला ओलांडावं असं रणधीरला दोनदा वाटलं. पण ह्या लोखंडावरून कसलं ओलांडतोय.

घळीत त्यानं मागं वळून बघितलं.

बिरू उतरला नव्हता. सायकलवर बसून, बाकावर बसावं तसा, तो दगडांवरून खाली येत होता. चिमटा खाली जात होता, वर येत होता. गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांचा आवाज नव्हता.

रणधीरला हे बघून बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं ह्याचा फार राग आला.

वाड्यावर म्हातारी दारात बसली होती. बिरूनं औषध दिलं. तिनं बिरूला त्याच्या आईचं विचारलं, व्यालेल्या शेळीचं विचारलं, लहूच्या पायाला हळद लावली. सगळ्यांना ताक दिलं. रणधीरलाही दिलं, दुसऱ्यांच्या बरोबरीनं, ना आधी ना नंतर. पोरं सायकलींभोवती नाचली आणि घंट्या वाजवून पळाली.

फेरी परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळात आक्का समया घासत होत्या.

रणधीर येऊन उभा राहिला. अंगावर धूळ, हातावर काळं तेल, मनगटं सुजलेली.

"झाली फेरी?"

"झाली."

"औषध?"

"मिळालं तिला. बिरूनं दिलं."

आक्कांनी मान हलवली आणि चिंच घेऊन समईचं खालचं बूड घासायला घेतलं.

रणधीर हलला नाही.

...

"काय?" आक्कांनी विचारलं.

"काय म्हणजे?" आणि मग दिवसभर दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "काही नाही, आक्का. काहीच नाही. मी माझ्या सायकलचं मुंडकं कापून दिलं. घाट गाजवलेला चिमटा आखूड केला, दुसऱ्याच्या वजनाला लावून दिला. दिवसभर त्या लोखंडावर हाडं खिळखिळी करून घेतली. बिरू सगळी घळ बसून उतरला. एक बाटली वाजली नाही. आणि कुणी एक शब्द बोलला असेल तर शपथ. लहू नाही, वाड्यावरचं कुणी नाही. चिमटा कुणाचा, कुठला, कुणी बसवला, विचारायची गोष्टच नाही. शेवटी लाज सोडून मीच बिरूला विचारलं, सायकल कशी वाटली?"

"काय म्हणाला?"

"बराच वेळ आठवत बसला. मग म्हणतो, सायकल? सायकलीकडं माझं ध्यानच न्हवतं." रणधीरनं तेलकट हात झटकले. "ध्यानच नव्हतं म्हणे. माझा चिमटा त्याच्या बुडाखाली होता, आक्का, आणि त्याचं ध्यानच नव्हतं."

...

आक्कांनी समई पाण्यातून काढली. पदरानं पुसली.

"मग नीट बसलाय," त्या म्हणाल्या.